तांदळाच्या डब्यातला फोन आणि आयफोनचा मोह

या वेळचं पत्र देवबागहून आलंय, थोडं छाटून देतोय:

"नमस्कार दादा, मी मालवणजवळ देवबागला राहतो, घरचाच होमस्टे आहे, चार खोल्या. मला गॅजेटचं वेड आहे, लपवत नाही. सहा वर्षांत सात फोन झाले. त्यात दोनदा अँड्रॉइड सोडून आयफोनकडे गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. पहिला सेकंडहँड होता, वीस दिवसांत विकला, बॅक बटण नाही म्हणून डोकं फिरलं. दुसरा आठ महिने टिकला, पण परत येताना व्हॉट्सॲपचे सगळे चॅट गेले, त्यात मुलीच्या बारशाचे फोटो होते आणि पाहुण्यांची बुकिंगं पण. बायको अजून ऐकवते, 'हेंका फोन बदलूचो रोग लागलो हा.' आता गणपतीला मुंबईचा चुलतभाऊ आला होता, त्याच्या आयफोनवर आमच्याच किनाऱ्याचा व्हिडिओ बघितला आणि झोप उडाली. दुकानदार माझ्या आताच्या अँड्रॉइडचे एक्स्चेंजमध्ये अकरा हजार देतोय, बाकीचं ईएमआय. घेऊ का? की अँड्रॉइडच चांगला? एकदाच काय ते सांगा. ता.क. एक जुना फोन चार दिवसांपूर्वी खाडीत पडला, तांदळाच्या डब्यात ठेवलाय, चालू होईल ना?"

अरे बाबा, ता.क.चं सविस्तर शेवटी बोलतो, पण आधी उठ, तो फोन डब्यातून बाहेर काढ, चार्जरला अजिबात लावू नको, बाजूला ठेव आणि मग बस वाचायला.

काढलास? बरं. पत्र वाचून खरंतर तुला झापायला पाहिजे होतं पण मला तोंड नाही, कारण रोग तोच. माझ्या कपाटात फोनच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग आहे, बायको विचारते हे कशाला साठवलेत, मी सांगतो खोका असला की विकताना किंमत येते, आणि विकायची वेळ आली की नेमका त्याच फोनचा खोका सापडत नाही. एकदा असाच उत्साहाच्या भरात एका रात्रीत फोन बदलला, बॅकअपचा कंटाळा केला, दोष पूर्ण माझाच, आणि दोन वर्षांचा नारळांचा हिशोब एका चॅटमध्ये होता तो गेला. एका गिऱ्हाईकाकडून अजून येणं बाकी आहे, तो रस्त्यात भेटला की हसून नमस्कार करतो आणि माझ्याकडे पुरावा नाही.

तर एकदाच काय ते सांगतो. आयफोन घे. पण एक्स्चेंज करू नको. ते अकरा हजार डोक्यातून काढून टाक. तुझा आताचा अँड्रॉइड घरातच राहू दे, त्यात मेन सिम, व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेची ॲपं, सगळं आहे तसं, आणि नवीन जो येईल तो खेळायचा फोन. तू दोन्ही वेळा सगळा संसार एका होडीत भरलास आणि मग ती होडीच विकलीस, मग सामान बुडणार नाही तर काय होणार.

चांगला कुठला ह्यावर मी वाद घालत नाही. पहिला आयफोन २००७ चा, पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा, तेव्हापासून हे दोघं शेजारच्या घरांसारखे एकमेकांच्या अंगणात डोकावत आलेत. आयफोनला होम स्क्रीनवर विजेट मिळाली २०२० ला, आयकॉन पाहिजे तिथे सोडायची मुभा २०२४ ला, अँड्रॉइडवाले हे सगळं त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. उलट किती वर्षं अपडेट येणार ह्या बाबतीत अँड्रॉइडवाले मागे, तर २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंगने आपल्या महागड्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. त्यामुळे नवलाई पंधरा दिवस रे. सोळाव्या दिवशी तेच व्हॉट्सॲप, तेच रील्स आणि पाहुण्यांचे तेच मेसेज, भाऊ सुरमई आहे का, एसी आहे का, बीच किती लांब.

व्हिडिओ मात्र आयफोनचा छान येतो, हे मान्य करतो, आणि तुझ्या धंद्याला त्याचा उपयोग पण आहे. पण भावाच्या फोनवर जो बघितलास तो गणपतीतल्या संध्याकाळच्या उजेडात काढलेला होता हे पण लक्षात घे, त्या उजेडात माझ्या जुन्या फोनवर पण समुद्र बरा दिसतो.

बॅक बटणाचं सांगतो, कारण तिसऱ्यांदा त्याच दगडावर ठेचकाळशील. आयफोनवर स्क्रीनच्या डाव्या कडेवरून बोट आत सरकवलं की बहुतेक ठिकाणी मागे जातं, पण काही ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात बाण असतो, काहीत 'डन' दाबायचं, काहीत अख्खं पान खाली ओढायचं, ह्याला एक असा नियम नाही आणि अँड्रॉइडच्या माणसाला ह्याचीच चीड येते. मला हात वळायला दीड महिना लागला. तू वीस दिवसांत विकलास. अजून एक, तू बुकिंगचे फोन रेकॉर्ड करत असशील तर आयफोनवर ती सोय आयओएस (म्हणजे आयफोनची सिस्टिम) १८.१ पासून आहे, पण ती समोरच्याला आधी बोलून सांगते की रेकॉर्डिंग चालू आहे, पुण्याचा पाहुणा असेल तर तिथूनच प्रश्न चालू होतील.

आता चॅट का गेले ते, कारण तुझ्या लिहिण्यावरून ते तुला अजून कळलेलं दिसत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगल अकाउंटला जातो आणि आयफोनवर आयक्लाउडला, आणि ह्याचा बॅकअप त्याला उघडता येत नाही, त्याचा ह्याला नाही. तू रोज रात्री दोन वाजता बॅकअप घेत असलास तरी पलीकडच्या फोनवर तो कुलूपबंद पेटीसारखा, किल्ली वेगळ्याच घरात. चॅट न्यायचे असतील तर ते एका फोनमधून दुसऱ्यात थेट न्यावे लागतात आणि त्याची वेळ ठरलेली आहे, नवीन फोन पहिल्यांदा चालू करून सेट करतानाच. अँड्रॉइडवरून आयफोनला जाताना अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप टाकायचं, नवीन आयफोनवर सेटअपमध्ये अँड्रॉइडवरून डेटा आणायचा पर्याय येतो तो निवडायचा, कोड टाकायचा, काय काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सॲपवर टिक करायची, दोन्ही फोन चार्जिंगला, आणि ते चालू असताना मध्येच इन्स्टा उघडायचं नाही, ॲप समोरच ठेवायचं. मग आयफोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप चालू करायचं. ही सोय २०२२ पासून आहे. कॉलची यादी येत नाही, चॅट आणि फोटो येतात. आयफोनवरून अँड्रॉइडला परत येताना केबल लागते, दोन फोन केबलने जोडायचे आणि परत तेच, नवीन फोनच्या सेटअपच्या वेळीच.

तू काय केलं असशील ते मी इथे बसून सांगतो. नवीन फोन खोक्यातून काढलास, अधाशासारखा चालू केलास, सगळं 'स्किप स्किप' करत होम स्क्रीनवर आलास, वॉलपेपर लावलास, आणि मग व्हॉट्सॲप टाकून नंबर घातलास. संपलं. तेव्हा सुद्धा फोन पूर्ण रीसेट मारून परत पहिल्यापासून करता आलं असतं, जुना फोन हातात होता तोवर. पण जुना तर त्याच दिवशी विकला होतास ना?

म्हणून म्हणतोय, ह्या वेळी न्यायचंच नाही. २०२३ पासून एकच व्हॉट्सॲप मेन फोन सोडून अजून चार ठिकाणी जोडता येतं, त्यात दुसरा फोन पण चालतो. आयफोनवर व्हॉट्सॲप टाक, नंबर विचारतो तिथे नंबर घालू नको, वरच्या मेनूत दुसऱ्या फोनला जोडायचा पर्याय आहे, त्यावर क्यूआर येतो, तो अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमधल्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून स्कॅन कर. झालं. अलीकडचे चॅट आयफोनवर दिसतात, उत्तर तिथून देता येतं, पाहुण्याला कळत पण नाही. एकच पथ्य, मेन फोनवर व्हॉट्सॲप चौदा दिवस उघडलंच नाही तर बाकीचे जोडलेले सगळे आपोआप बाहेर पडतात, तर तो कपाटात टाकून विसरू नको. पुढे आयफोनचा कंटाळा आला, आणि येणारच, तुझा मागचा रेकॉर्ड बघता होळीपर्यंत येईल, तर विकून मोकळा हो, एक मेसेज जाणार नाही.

यूपीआयला पण हाच न्याय. ते सिम आणि फोन दोघांना बांधलेलं असतं, फोन बदलला की त्या सिमवरून परत मेसेज जावा लागतो, अँड्रॉइडवर तो ॲप आपणच पाठवतं, आयफोनवर मेसेजचं पान उघडतं आणि पाठवायचं बटण तुला दाबावं लागतं, लोक ते न दाबता वाट बघत बसतात आणि बँकेला शिव्या घालतात. शिवाय नवीन फोनवर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांच्या वर पैसे पाठवता येत नाहीत, आयफोनवर बऱ्याच बँका ही मर्यादा ७२ तास ठेवतात. पाहुण्यांकडून क्यूआरवर पैसे येणं थांबत नाही, पण मासळीवालीला, गॅसवाल्याला, बोटवाल्याला तू देणार कुठून? आणि ह्या नादात त्याच नंबरचं नवीन सिम काढून घेशील तर त्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी पण नाही. सिम जिथे आहे तिथेच राहू दे. आयफोनला घरच्या वायफायवर चालव, बाहेर जाताना हॉटस्पॉट, फारच वाटलं तर एक स्वस्तातलं वेगळं सिम.

आता वहिनीचं. पत्रात तू बॅक बटणावर जेवढं लिहिलंयस तेवढं बारशाच्या फोटोंवर लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारतो, ते फोटो परत मिळवायचा प्रयत्न केलास का? तू फक्त स्वतःच्या फोनवर शोधलंस. बारसं म्हणजे पन्नास माणसं आली असतील, ज्या ग्रुपवर फोटो टाकलेस त्यातल्या दहा जणांच्या फोनमध्ये ते अजून पडलेले असतील, मावशीच्या, आत्याच्या, मुंबईच्या त्याच चुलतभावाच्या, ज्येष्ठ मंडळी तर काहीच डिलीट करत नाहीत, त्यांच्या फोनची मेमरी त्यामुळेच भरलेली असते. एकेकाला फोन लाव. मागताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा सांग, म्हणजे अजून बारीक होणार नाहीत. हे काम आयफोन घ्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. वहिनीला तू एखादा सापडलेला फोटो दाखवलास तर ईएमआयचा विषय काढायला जरा बरं पडेल, एवढं संसारी शहाणपण माझ्याकडे आहे.

आणि फोटो ह्यापुढे अशा ठिकाणी ठेव जिथे दोन्ही बाजूंनी जाता येतं. गूगल फोटोज अँड्रॉइडवर पण चालतं, आयफोनवर पण, १५ जीबी फुकट मिळतात पण त्यातच जीमेल पण आलं, १ जून २०२१ च्या आधी कितीही टाका म्हणायचे ते दिवस गेले. आयक्लाउडला फुकट ५ जीबीच, चार व्हिडिओत भरतं. थोडे पैसे भरून जागा घे आणि वर एक हार्ड डिस्क ठेव, वर्षातून दोनदा सगळं तिच्यावर ओत, दसरा आणि गुढीपाडवा अशी तारीख धर म्हणजे विसरणार नाहीस. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट आहे, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवड, नाहीतर फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात निघतात, आणि तू पेन ड्राइव्हवर घालून फ्लेक्सवाल्याकडे गेलास की तो म्हणणार फाइल उघडत नाही.

देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, खिडकीच्या गजाला जे होतं तेच चार्जिंग पोर्टला होतं. आयफोनवर आयपी६८ लिहिलेलं असतं, सहा मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती चाचणी गोड्या पाण्यातली, प्रयोगशाळेतली, आणि पाणी शिरून बिघडला तर वॉरंटीत बसत नाही. तारकर्लीला दर सीझनला कोणीतरी पाहुणा वॉटरप्रूफ वॉटरप्रूफ म्हणत फोन घेऊन लाटेत शिरतो आणि संध्याकाळी तुझ्यासारख्याच्या ओट्यावर तोंड पाडून बसलेला असतो, हे तुला मी सांगायला नको. कव्हर लाव, पोर्ट पुसत जा, ओल्या पोर्टला केबल लावू नको, वायरलेस चार्जर असेल तर पावसाळ्यात तोच बरा.

दुरुस्तीचा हिशोब पण मांडून बघ. अॅपलची स्वतःची दुकानं मुंबई-पुण्याकडेच, मुंबईत बीकेसीला एप्रिल २०२३ मध्ये झालं ते आणि पुण्यात कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये झालं ते. अधिकृत सर्विस सेंटर तुला जवळात जवळ कुठे पडतं ते कंपनीच्या साइटवर घ्यायच्या आधी बघ, आणि स्क्रीन फुटली तर किती रुपये ते पण तिथेच दिसतं, तो आकडा वहिनीला आधीच सांगून टाक. अँड्रॉइडची स्क्रीन मालवण-कुडाळला कोणीतरी बसवून देतो, बरी-वाईट. आयफोनसाठी कुडाळहून कोकणकन्या पकडावी लागेल असं धरून चाल.

नवाच पाहिजे असंही नाही, खेळायचाच फोन आहे तर दोन वर्षं जुना बघ, आयफोन १५ पासून पुढे चार्जिंगला टाइप-सी आहे, म्हणजे घरातल्या सगळ्या केबल चालतात. सेकंडहँड घेताना समोरच्याच्या हातून त्याचं अकाउंट साइन आउट करून, 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून, फोन तुझ्यासमोर रीसेट करून घे, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक पडतं आणि हातात नुसता काचेचा तुकडा राहतो. सेटिंगमध्ये 'अबाउट'ला गेलास की बॅटरी किंवा डिस्प्ले बदललाय का ते दिसतं. आणि *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढ, केवायएम (KYM), मग जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठव, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. ही सरकारी सोय आहे, पैसे लागत नाहीत. ईएमआयचं म्हणशील तर 'नो कॉस्ट' लिहिलेलं असलं तरी रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती तुला मिळते का ते विचार, प्रोसेसिंग फी विचार, व्याजावरचा जीएसटी विचार, दुकानदार इकडेतिकडे बघायला लागला की समज.

आणि घड्याळ घेऊ नको लगेच! अॅपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडत नाही आणि सॅमसंगची गेल्या काही वर्षांतली घड्याळं आयफोनला जोडत नाहीत, तुझ्यासारख्या ये-जा करणाऱ्या माणसाला घड्याळ म्हणजे दर वेळी दुहेरी खर्च. हे मी माझ्या खिशाने शिकलोय, जास्त विचारू नको.

घ्यायचा तर दिवाळीचे पाहुणे यायच्या आधी, नाहीतर सरळ जूनमध्ये, पाण्यातले खेळ बंद होऊन खोल्या रिकाम्या झाल्या की. सीझनमध्ये भरलेल्या घरात फोनशी खेळत बसलास तर रोग ह्या शब्दाच्या पुढचे शब्द ऐकशील.

आता डब्यातला फोन. तांदळाने फोन सुकत नाही, उलट दाण्यांचे बारीक कण पोर्टमध्ये जाऊन बसतात, अॅपलने पण स्पष्ट लिहून ठेवलंय की तांदळात ठेवू नका. फोन खाऱ्या पाण्यात पडला की लगेच बंद करायचा, नळाच्या पाण्याने खार धुऊन काढायचा, पोर्ट खाली करून हातावर हलके आपटायचा आणि वाऱ्यावर ठेवायचा. तुझ्या फोनला चार दिवस झाले, आत मीठ बसून हिरवट व्हायला लागलं असेल, त्यामुळे चालू होईल असं मी सांगणार नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ने, खाडीत पडला होता हे खरं सांग, तो उघडून बोर्ड साफ करून बघेल. बॅटरी फुगलेली दिसली, मागचं झाकण उचललेलं वाटलं, तर घरात ठेवू पण नको.

आणि तांदूळ तो पाहुण्यांना शिजवू नको, कोंबड्यांना घाल.